एकाच बाजूची चूक

रविवारी सकाळी सहाला मी यंत्रांची पोटं उघडते.
ईरी गावात, बाराव्या रस्त्यावरची ही लाँड्री:
चोवीस यंत्रं, त्यातली तीन कायमची आजारी,
काचेबाहेर सरोवरावरून चालून आलेला बर्फ
आणि माझ्या मांडीवरच्या निळ्या बादलीत
आठवड्याभराचा खुर्दा.
क्वार्टर. फक्त क्वार्टर.
चाळिसांची एक गुंडाळी. बोटं काळी पडतात,
धातूचा वास दुपारच्या जेवणापर्यंत हाताला राहतो.

झेलिन्स्कींनी मला बघायला शिकवलं.
इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त,
दर गुरुवारी दोन शर्ट, एक चादर.
यंत्र फिरेपर्यंत म्हणायचे, आण ती बादली इकडे.
भिंगाला बुटाची नाडी, नाडी गळ्यात.
"हे नाही, हे नुसतं झिजलंय.
हे कुणीतरी पकडीत धरून वाकवलंय,
ही चूक नव्हे, हा खोडसाळपणा.
हे बघ. हे."

चेहरा डावीकडे सरकलेला,
मानेमागे नखाएवढी कोरी चंद्रकोर,
सालातला शेवटचा आकडा काठावरून खाली पडलेला.
उलटं केलं, तर गरुड बरोबर मधोमध,
पंख पसरून, जसं काही घडलंच नाही.
"चकती सरकली असती तर दोन्ही बाजू चुकल्या असत्या.
चकती जागेवर होती. खालचा ठसाही.
वरचा तेवढा सैल,
आणि कुणी पाना घेऊन येईपर्यंत
तो आपला छापत राहिला."

मी त्यांना शिवराईचं सांगितलं.
मिरजेला काकांच्या तराजूच्या डब्यात असायच्या,
वजनं कमी पडली की त्या.
ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान,
हातोडा पडेल तिथे पडेल.
एकीवर 'श्री' नाही, दुसरीवर 'पति' गायब;
राजाचं अख्खं नाव वाचायचं
तर चार-पाच जणी शेजारी मांडाव्या लागत.
झेलिन्स्की बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे सगळ्याच जमवण्यासारख्या."
ड्रायर वाजला. त्यांनी चादरीची दोन टोकं
माझ्या हातात दिली.

फेब्रुवारीत तीन गुरुवार ते आले नाहीत.
चौथ्या आठवड्यात एक बाई आल्या,
काळ्या पिशव्या सात, सगळे पुरुषी कपडे.
एकदम पाच यंत्रं लावली,
कॉफीच्या डब्यातून मुठीमुठीने नाणी भरली,
मोड मागितली नाही.
शर्ट ओळखीचे वाटले,
पण चौकडीचे शर्ट इथे सगळ्यांचेच असतात.

रविवारी नऊ नंबरच्या पोटातून पहिलं निघालं.
मग बारामधून दोन.
दिवा जवळ ओढला. चंद्रकोर, चंद्रकोर,
कोरी जागा कधी कपाळासमोर, कधी हनुवटीखाली.
पंधरानंतर मी गुंडाळ्या बांधणं सोडलं.
एकाला अजून कागदाचा चिटोरा चिकटलेला,
पेन्सिलीत, थरथरत्या अक्षरात:
लाँड्री, ऑक्टोबर.

सत्तावीस भरली.
माझ्या पर्समधली सत्तावीस साधी नाणी बादलीत टाकली,
पावणेसात डॉलर, हिशेब चोख.

मंगळवारी बाई परत आल्या, राहिलेला एक मोजा शोधायला.
मी वाटी पुढे सरकवली. सांगितलं.
त्यांनी आधी हात खिशातच ठेवले.
"किमतीची आहेत?"
"फार नाही. एखादं पाच-सहा डॉलर.
एखादं काहीच नाही."
"मग तो रात्रभर काय बघायचा?"
त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
त्यांनी एक उचललं, खिडकीशी नेलं,
बर्फाच्या उजेडात धरलं, गरुडाच्या बाजूने.
"ह्यात तर काहीच चुकलेलं नाही."
मी म्हटलं, उलटं करा.

मोजा मात्र सापडला नाही.